कोल्हापुरात चौपाटी आहे, समुद्र नाही. मग पोरांना किनारा शिकवायचा कसा?

रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला गेलेला कोल्हापूरकर फोनवर बिनधास्त सांगतो, "चौपाटीवर आहे." भेळ आहे, भाजलेलं कणीस आहे, पाण्यापलीकडे सूर्य मावळताना दिसतो, वारा सुटला की पाण्यावर बारीक लाटाही उठतात. फक्त समुद्र नाही. तो आहे सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पलीकडे.

आता याच शहरातल्या तिसरी-चौथीच्या पोराला सांगा, "समुद्राचं चित्र काढ." कागदाच्या मधोमध एक सरळ रेघ येते. वर निळा रंग, खाली पिवळा. कोपऱ्यात नारळाचं झाड, पाण्यात एक होडी. बहुतेक पोरं हेच चित्र काढतात आणि मोठ्यांनी तरी वेगळं काय काढलं असतं?

शाळेत किनारा येतो तो व्याख्यांमधून. चारही बाजूंनी पाणी म्हणजे बेट. तिन्ही बाजूंनी पाणी म्हणजे द्वीपकल्प. समुद्राचं पाणी जमिनीत आत शिरलं की खाडी. व्याख्या पाठ होतात, जोड्या लावा बरोबर येतात, मार्क मिळतात. डोक्यातली ती सरळ रेघ मात्र तशीच राहते. आणि सगळी गडबड त्या रेघेतच आहे.

कारण ही रेघ घेऊन मोठी झालेली मुलं पुढे कॉलेजच्या सहलीला समुद्रावर जातात. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतल्या आठ जणांचा जीव गेला. दोन्ही गट घाटावरचे. समुद्राकाठी न वाढलेल्या माणसाला पाणी एका जागी थांबलेलं वाटतं. त्यामुळे किनाऱ्याचा धडा नेमका कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या पोरांना नीट शिकवायला हवा. मालवणच्या पोराला तो त्याची आजी शिकवते.

मग सुरुवात कुठून करायची? कोल्हापूरच्या पोराला जे आधीच माहिती आहे, तिथून.

समुद्र जवळ, पण पाणी जातं उलटीकडे

कोल्हापूर रेल्वे स्टेशनवरचा पिवळा बोर्ड आठवा. गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. समुद्राचा पहिला धडा तिथेच देता येतो. समुद्र दिसत नसला तरी आपण किती उंचावर उभे आहोत हे त्याच्यापासूनच मोजतात. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. पोरांना मीटर कळत नसतील तर मजले मोजायला सांगा. तीन मीटरचा एक मजला धरला तर पावणेदोनशेहून जास्त मजल्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर अख्खं शहर बसलंय.

दुसरा धडा गगनबावड्याचा. तिथल्या डोंगरमाथ्यावर पाऊस पडतो तेव्हा थेंबाचं नशीब काही पावलांवरून ठरतं. माथ्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब करूळ-भुईबावड्याच्या घाटातून खाली उतरतो आणि वाघोटणच्या खाडीतून विजयदुर्गाजवळ अरबी समुद्राला मिळतो. प्रवास पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपासचा. पूर्वेला पडलेला थेंब कुंभी नदीत जातो, तिथून पंचगंगेत, नृसिंहवाडीला कृष्णेत आणि मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात. हजार किलोमीटरहून जास्त. म्हणजे अरबी समुद्र एवढा शेजारी असूनही पंचगंगेचं पाणी त्याच्याकडे पाठ करून जातं.

भारताच्या नकाशावर बोटानं ही वाट काढली की पोरांना एका फटक्यात तीन गोष्टी समजतात. सह्याद्री ही भिंत आहे, ती समुद्राच्या अगदी जवळ उभी आहे आणि म्हणून कोकणातल्या नद्या तोकड्या, वेगवान आहेत. या तोकड्या नद्यांचा मुद्दा पुढे खाडीला लागणार आहे.

जाता जाता एक माहिती, जी मोठ्यांनाही सहसा नसते. कोल्हापूरला एकेकाळी खरोखरचा समुद्रकिनारा होता. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींच्या ताब्यात होते. १८१२ च्या तहात ते इंग्रजांकडे गेले आणि करवीर राज्याचं बंदर सुटलं. चौथीच्या 'शिवछत्रपती' पुस्तकात सिंधुदुर्ग वाचणाऱ्या कोल्हापूरच्या पोराला हे सांगितलं की तो किल्ला त्याला जरा जास्त आपला वाटायला लागतो.

किनारा म्हणजे रेघ नव्हे, पट्टा

इथे मुद्द्याची गोष्ट. चित्रातली ती सरळ रेघ प्रत्यक्षात कुठेच नसते. समुद्र रोज दोनदा पुढे येतो आणि दोनदा मागे जातो. पुढे येतो ती भरती, मागे जातो ती ओहोटी. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. आज दुपारी दोनला भरती असेल तर उद्या तीनच्या जरा आधी.

हे का होतं? चंद्र पृथ्वीवरच्या पाण्याला आपल्याकडे ओढतो. त्याच्या समोरच्या बाजूचं पाणी फुगतं आणि नेमक्या विरुद्ध बाजूचंही फुगतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून दिवसात दोन भरत्या. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा मोठी भरती येते. कोकणात तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकांना काटकोनात असते, तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. त्याला म्हणतात भांग. भांग हा शब्द शहरी पुस्तकांमध्ये फारसा सापडत नाही, मच्छीमारांच्या बोलण्यात मात्र रोजचा आहे.

कोल्हापूरच्या पोरांना पाणी चढणं-उतरणं नवीन नाही. पावसाळ्यात घरातल्या मोठ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या पाचवीच्या पोरालाही तोंडपाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा समुद्र समजावताना एवढंच सांगायचं: पंचगंगेचं पाणी वर्षातून कधीतरी पात्राबाहेर येतं, समुद्राचं पाणी रोज दोनदा येतं आणि घड्याळ लावल्यासारखं परत जातं.

किती चढतं? मुंबईत उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. दक्षिणेकडे सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हा चढउतार बराच कमी असतो. पण कमी म्हणजे किती, हे उंचीवर नाही तर उतारावर ठरतं. वाळूचा उतार दर ५० मीटरला एक मीटर असेल आणि पाणी दोन मीटर चढलं तर समुद्र आडवा १०० मीटर आत येतो. सकाळी जिथं क्रिकेट खेळलं तिथं दुपारी गळाभर पाणी. पोरांना हे फळ्यावर न सांगता शाळेच्या मैदानावर सांगावं. एका टोकाला उभं करायचं, शंभर मीटर चालायला लावायचं आणि म्हणायचं, हा एवढा सगळा किनारा.

पाऊणकी पुन्हा कामाला येते

घरातल्या आजी-आजोबांना पाऊणकी आठवत असेल. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. शाळेतून हा पाढा कधीच गेला. कोकण किनाऱ्यावर मात्र तो अजून चालतो, कारण भरतीची वेळ काढायचं जुनं सूत्रच ते आहे: तिथीची पाऊणपट करा.

म्हणजे आज चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच.

हे सूत्र चालतं कसं? भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे जाते आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. आकडे जवळजवळ जुळतात, म्हणून उत्तरही जवळजवळच येतं. गावागणिक तासाभराचा फरक पडू शकतो, त्यामुळे पाण्यात उतरायचं की नाही हे यावरून ठरवू नये. त्यासाठी बंदराचं भरतीचं वेळापत्रक असतं आणि त्याहून चांगला म्हणजे गावातला मच्छीमार. पण चौथीच्या वर्गात भिंतीवरचं कॅलेंडर काढून "आज मालवणात भरती किती वाजता?" हे विचारलं तर भूगोल आणि गणित एकाच तासाला होतात. घाटावर बसून समुद्राचा अंदाज बांधता येतो, यात पोरांना जी मजा येते ती व्याख्येत नाही.

किनाऱ्याची लांबी अचानक कशी वाढली?

'महाराष्ट्राला किती किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे?' उत्तर पाठ आहे, ७२०. स्पर्धा परीक्षावाल्यांनाही हेच. भारताचा आकडा ७,५१६ किलोमीटर. पण केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात भारताच्या किनाऱ्याची लांबी ११,०९८ किलोमीटर झाली. त्याच मोजणीत महाराष्ट्राचा आकडा जवळपास ८७८ किलोमीटरवर गेला.

मग मधल्या काळात जमीन वाढली का? नाही. मोजायची पट्टी बदलली. जुनी मोजणी फार लहान प्रमाणाच्या नकाशावर झाली होती, एक सेंटिमीटर म्हणजे ४५ किलोमीटर. एवढ्या लहान नकाशात देवबागचं टोक काय आणि आचऱ्याची खाडी काय, सगळं एका रेघेत चेपलं जातं. नव्या मोजणीत एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर आणि पाण्याची हद्द धरली ती भरतीची. नकाशा मोठा झाला तशी वळणं दिसायला लागली आणि प्रत्येक वळणाबरोबर लांबी वाढली.

लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं होतं आणि गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉ यांनी १९६७ मध्ये ब्रिटनचा किनारा नेमका किती लांब, हाच प्रश्न विचारत यावर लेख लिहिला. तात्पर्य असं की पट्टी जितकी लहान, किनारा तितका लांब. पोरांसाठी यात काहीही अवघड नाही. महाराष्ट्राचा नकाशा घ्या. आधी पट्टीनं वर डहाणूपासून खाली रेडीपर्यंत सरळ मोजा. मग दोरा घ्या आणि प्रत्येक खाचेतून, वळणातून फिरवून तो मोजा. दोरा लांब भरतो. तालुक्याचा मोठा नकाशा मिळाला तर तिथे आणखी लांब. वर्गात वेगवेगळी उत्तरं आली की सगळीच बरोबर, असा भूगोलाचा तास पोरांना सहसा मिळत नाही.

सोंड, कडा, गुहा

आता किनाऱ्यावरच्या गोष्टी. शब्द जड आहेत, वस्तू ओळखीच्या आहेत.

पन्हाळ्याच्या आजूबाजूला डोंगराच्या सोंडा खाली उतरलेल्या दिसतात. तशीच सोंड जमिनीवर न थांबता थेट समुद्रात घुसली की ते भूशिर. रत्नागिरीचा रत्नदुर्ग अशाच एका सोंडेवर बांधलाय, तीन बाजूंना समुद्र. लाटा या सोंडेच्या पायथ्याला अव्याहत धडकतात. खडकात जिथं भेग असते तिथं पाणी जोरात घुसतं, आतली हवा दाबली जाते, भेग रुंदावते आणि हजारो वर्षांत तिची गुहा होते. रत्नदुर्गाखालीही अशी गुहा आहे. सोंडेत आरपार भोक पडलं की सागरी कमान. कमानीचं छत कोसळलं की पाण्यात एकटा उभा राहिलेला खांब, तो सागरी स्तंभ. भेग, गुहा, कमान, खांब हे चार वेगळे शब्द नाहीत. एकाच खडकाची चार वयं आहेत, बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत. असं सांगितलं की पाठ करावं लागत नाही.

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं तर हरिहरेश्वर. देवळाच्या प्रदक्षिणेची वाट खाली समुद्रालगतच्या खडकांवर उतरते. लाटांनी घासून सपाट केलेला खडकाचा ओटा, कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पडलेली जाळी, दगडगोटे गोल फिरून झालेले रांजणखळगे, सगळं चालता चालता दिसतं. पोळ्यासारखी जाळी मिठाची करामत आहे. तुषारांचं पाणी खडकाच्या छिद्रांत जातं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि खडकाचे कण निखळतात. खडक काळा बेसाल्ट. अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड त्याच कुळातला. ज्वालामुखीच्या लाव्हाचे हे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना. फक्त एक गोष्ट विसरायची नाही: ही प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. भरती सुरू झाली की वाट पाण्याखाली जाते आणि लाट पायाखालून माणूस ओढून नेते. असं तिथं घडलेलं आहे.

वाळूकडे वळू. कोकणात वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. बीच हा शब्द पोरांना येतोच, पुळण सांगायला हवा. रत्नागिरीत गंमत अशी की एकाच गावात दोन समुद्र आहेत, काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडे तेच, वाळू वेगळी. मांडवीकडच्या काळ्या वाळूत खडकांतून सुटलेली जड लोहयुक्त खनिजं आहेत. पांढऱ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि गारगोटीचे कण. मांडवीची चिमूटभर वाळू कागदावर घेऊन खाली लोहचुंबक फिरवला तर काही काळे कण त्याच्यामागे पळतात. वाळू म्हणजे नुसती वाळू नसते, हे पटायला एवढं पुरे.

खाडी समजायची तर नृसिंहवाडी आठवा

खाडीची व्याख्या सगळ्यात गोंधळाची. पण कोल्हापूर-शिरोळच्या माणसाला ती आतून माहिती आहे. कृष्णेला पूर आला की नृसिंहवाडीच्या संगमावर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही. ते तुंबतं, मागे फिरतं, फुगवटा येतो. दरवर्षी पावसाळ्यात हा शब्द बातम्यांत असतो. खाडीत रोज हेच होतं. भरतीचं पाणी नदीच्या तोंडातून आत शिरतं आणि नदीला मागे ढकलतं. ओहोटीला दोघं मिळून बाहेर पडतात. फरक एवढाच की इथं मागे येणारं पाणी खारट असतं.

मघाच्या तोकड्या नद्या इथं कामाला येतात. कोकणातल्या नद्या वेगात येतात, लवकर संपतात आणि कृष्णेसारखा गाळाचा पसरट त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत. त्यांची तोंडं खोल राहतात, समुद्र आत येऊ शकतो. म्हणून कोकणात एवढ्या खाड्या, एवढी बंदरं आणि एवढे जलदुर्ग. महाराजांना आरमारासाठी हा किनारा का सोयीचा वाटला याचं उत्तर इतिहासाच्या नाही, भूगोलाच्या पुस्तकात आहे.

खाडीच्या चिखलात उभी असते ती खारफुटी. मुळं चिखलातून उलटी वर आलेली, पेन्सिली रोवल्यासारखी. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळांनी वरून श्वास घेतं. माशांची पिल्लं या मुळांत लपून मोठी होतात आणि वादळात लाटांचा पहिला मार हीच झाडं खातात. पांढरी चिप्पी ही खारफुटीची जात २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. शेकरू राज्यप्राणी आणि हरियाल राज्यपक्षी पाठ करणाऱ्या पोरांच्या यादीत हे नाव अजून यायचंय.

आणि मग देवबाग. मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे हे गाव जमिनीच्या एका अरुंद पट्टीवर वसलंय. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, टोकाला दोघांचा संगम, समोर भोगवे. लाटा किनाऱ्याशी तिरक्या येतात, वाळू ढकलत नेतात आणि नदीच्या तोंडाशी ती साचत जाते. पुस्तकात याला वाळूचा दांडा म्हणतात. देवबागच्या माणसासाठी तो दांडा नाही, घर आहे, आणि ते घर खचतंय. किनाऱ्याची धूप हा इथला जुना प्रश्न आहे. दगडी बंधारे घातले जातात. पण बंधारा एका जागची वाळू वाचवतो तेव्हा पुढच्या जागेला मिळणारी वाळू अडते, हे जगभर दिसलेलं आहे. वाळूच्या किनाऱ्याला हलू न देणं फार महाग पडतं.

हेच पोरांना परातीत दाखवता येतं. परातीच्या एका बाजूला ओली वाळू थापायची, दुसऱ्या बाजूला पाणी ओतायचं आणि पट्टीनं पाणी हळूहळू हलवत लाटा करायच्या. दोन मिनिटांत उभा किनारा उतरता होतो. मग वाळूत मध्ये एक विटेचा तुकडा रोवायचा आणि पुन्हा लाटा, या वेळी तिरक्या. विटेच्या एका अंगाला वाळू साचते, दुसऱ्या अंगाला खरवडली जाते.

वाळूत लिहिलेली रेघ कोण वाचतं?

किनाऱ्यावर एक रेघ मात्र खरोखर दिसते. भरतीनं आणून टाकलेला कचरा, शेवाळ, शिंपले यांची नागमोडी ओळ. पाणी कुठवर आलं होतं त्याची ती खूण. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी घालायला रात्री वाळूवर येते तेव्हा ती या ओळीच्या वर जाऊनच खड्डा खणते. शंभरच्या आसपास अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येऊन पाण्याकडे धावतात. मंडणगड तालुक्यातलं वेळास हे गाव या कासवांमुळे देशभर माहीत झालं. भरतीची हद्द चुकली तर अंडी कुजतात. कासवाला हा धडा कुणी शिकवत नाही.

माणसाच्या पोरांना शिकवावा लागतो, आणि तो घाबरवून नको. समुद्र कुठं धोक्याचा, हे ओळखायला लावून हवा.

सगळ्यात महत्त्वाचं: शांत दिसणारी जागा सुरक्षित असेलच असं नाही. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. एखाद्या सखल पट्ट्यातून ते नदीसारखं जोरात आत ओढलं जातं. यालाच रिप करंट म्हणतात. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फेसाच्या लाटा आणि मध्ये गडद, गुळगुळीत पाणी दिसत असेल तर ती जागा टाळायची. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा पोहायला बरी वाटते. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही. दमून माणूस बुडतो. तरंगत राहायचं, हात वर करायचा आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचं. लहान पोरांसाठी नियम आणखी सोपा: मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्यात पाय नाही आणि असलं तरी गुडघ्याच्या वर नाही.

दुसरं, खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उतरायचं नाही, कारण तेव्हा नदी आणि समुद्र दोघंही बाहेरच्या दिशेनं ओढत असतात. तिसरं, खडकावर उभं राहून समुद्राकडे पाठ करायची नाही. सेल्फीसाठी तर नाहीच नाही. चौथं गावकऱ्यांचं: स्थानिक माणूस "नको" म्हणाला की नको.

सहल न्यायचीच असेल तर

कोल्हापूरहून एका दिवसात समुद्र गाठता येतो. आंबा घाटानं रत्नागिरी, गगनबावड्यानं विजयदुर्ग, राधानगरी-फोंडा घाटानं मालवण. शाळेची सहल पोहोचते बाराच्या उन्हात, तासभर पाण्यात धिंगाणा, जेवण, फोटो, परत. त्याऐवजी तारीख ठरवताना कॅलेंडर बघून ओहोटीची वेळ गाठली तर तेवढ्याच पैशांत दुप्पट किनारा दिसतो. मालवणात सकाळी पोहोचायचं असेल तर चतुर्थी-पंचमीचा दिवस बरा, तेव्हा पाणी सकाळी नऊ-दहाच्या आसपास उतरलेलं असतं. खडकांच्या खळग्यांत अडकलेल्या पाण्यात खेकडे, शंख, समुद्रफुलं बघता येतात. पाण्यात न उतरता. बघून सोडून द्यायचं, डब्यात भरून आणायचं नाही. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

सिंधुदुर्गात गेलात तर तटाची लांबी सांगण्याआधी विहिरी दाखवा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारही बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी कशा, हा प्रश्न आधी पोरांना विचारायचा आणि उत्तराची घाई करायची नाही. उत्तर असं आहे की बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं ते खाऱ्याच्या वर तरंगत राहतं. उपसा बेताचा असेल तोवर ते टिकतं.

येताना एक लिटरच्या बाटलीत समुद्राचं पाणी घेऊन यावं. शाळेच्या गच्चीवर दोन पसरट ताटं, एकात हे पाणी, दुसऱ्यात नळाचं, वरून पातळ कापड. चार-सहा दिवस कडक ऊन लागलं की एका ताटात साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे पांढरं मीठ उरतं. दुसऱ्या ताटात पुसट डाग.